शिट्टीचा नियम

मी गजेंद्र चैतराम नंदेश्वर, वय ३८ वर्षे, धंदा शिक्षकी, राहणार लांजी, जिल्हा बालाघाट. समक्ष ठाण्यात हजर राहून समीक्षा राकेश मेश्राम, वय ११, हिच्या मृत्यूबाबत सांगतो की, मी तिच्या शाळेत खेळ शिकवतो. दिनांक १२ मार्च रोजी सहावीची एकवीस मुले घेऊन मी राष्ट्रीय उद्यानालगतच्या जंगलात तीन दिवसांच्या शिबिराला गेलो. सोबत वाटाड्या पुनाराम आणि स्वयंपाकाला दुर्गाबाई होत्या.

शिस्तीत माझा हात कोणी धरणार नाही, अशी मला घमेंड होती. पहिल्याच दिवशी मी नियम घातला. शिट्टी वाजली की असाल तिथे खाली बसायचे, तोंडातून शब्द काढायचा नाही. टाळी वाजली की उठायचे. आवाज केला तर वाघ येतो, असेही मी सांगितले. हा नियम पुनारामचा नव्हे, माझा.

दिनांक १३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास आम्ही पायी परतत होतो. समीक्षा मला विचारून झुडपामागे लघवीला गेली. तेवढ्यात पुढे रानगवे दिसले म्हणून मी शिट्टी वाजवली. मुले बसली. गवे गेल्यावर मी हलकेच टाळी वाजवली आणि निघालो. मुले मोजली नाहीत.

तंबूंपाशी पोचल्यावर समीक्षा मागे राहिल्याचे तिची मैत्रीण ज्योत्स्ना हिने सांगितले. बाकीच्यांना दुर्गाबाईंजवळ ठेवून मी व पुनाराम ज्योत्स्नाला घेऊन परत गेलो. मला झुडूप ओळखता येईना, सगळी सारखीच दिसत होती. मी थोड्या थोड्या अंतरावर शिट्टी वाजवत होतो. ज्योत्स्ना म्हणाली, "सर, तिले नावानं हाक मारा ना. शिटी आयकून ते उठनार नाही."

मी म्हणालो, "तू मले शिकवू नको." त्याची मला लाज वाटते.

त्याच वाटेने आम्ही दोनदा गेलो. ५.३५ वाजता पुनारामला गवतात निळा कुर्ता दिसला. समीक्षा मांडी घालून बसलेली होती. डाव्या पायाला साप चावला होता. वेणीची रिबीन सोडून तिने घोट्याच्या वर बांधली होती.

शाळेच्या अहवालात 'विद्यार्थिनी आज्ञा मोडून गट सोडून गेली' असे लिहिले आहे. मजकूर मुख्याध्यापकांनी सांगितला, सही माझी आहे. तो वाचून तिची आई गीताबाई माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, "सर, माही पोरगी तं सांगितलेलं आयके. मंग काहून गेली असंन ते?" मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

अहवालातले ते वाक्य खोटे आहे. मी समीक्षाला उचलून तंबूंपाशी उभ्या असलेल्या जीपकडे पळत होतो तेव्हा ती शुद्धीवर होती. जीभ जड झाली होती, तरी म्हणाली, "सर, लय येळा शिटी वाजली. मी उठलीच नाही."

मी तिला शाबास म्हणालो. दवाखान्याच्या वाटेवर, जीपमध्येच ती गेली.

लिहिलेले मला वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे. अहवालावरची सही मागे घेऊन ही सही करतो.