बाटलीतलं डाळिंब

मुकुंदवाडीच्या थांब्यावर आशाबाई शेंद्र्याच्या बसची वाट बघत होत्या. शेजारी सासू-सून टेकल्या होत्या. सुनेच्या मांडीवर झाकणबंद काचेची बाटली होती, आत बोटभर हिरवं रोप.

"द्वारके, झाकण जरा सैल कर की. जीव गुदमरंल त्याचा."

"नाय आत्या. मागच्या बाटलीचं तुम्हीच उघडलं होतं."

"तीट लावाया उघडलं. नव्या जिवाला तीट नको व्हय?"

"अन् बुरशीनं खाल्लं ना सगळं!"

"मला काय ठावं, तुमच्या लॅबमधलं बाळ इतकं नाजूक असतंय."

"आपल्या अंगणातलं डाळिंब रस्ता रुंद करताना गेलं. त्याच्याच शेंड्यापासनं टिश्यू कल्चर करून वाढवलेलं हे शेवटचं रोप आहे, आत्या."

"म्हणून तर जीव थाऱ्यावर नाय माझा."

आशाबाईंना राहवेना. "बाई, किती गोड दिसतंय ओ!"

सासूनं चटकन सुनेच्याच डोळ्यातलं काजळ बोटावर टिपलं. द्वारकानं घाईघाईनं झाकण दोन्ही हातांनी धरलं. काळा ठिपका काचेवर उमटला.

"बाहेरून तर चालतंय ना गं?"

"चालतंय. ह्या बाजूनं बी लावा, आत्या. बसमध्ये लई माणसं असत्यात."