उपस्थिती लागते बाबू

सगळा दोष कमलाकांतकाकाचा. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मंग कोणी म्हणाले नको का पोरगं मोठ्यायले बोलून राहिलं... हो, बोलून राहिलो. तेहतीस वर्षं या माणसानं अकोल्याच्या शाळेत हजेरी घेतली, रिटायर झाला, आन हजेरी घ्याले कोणी उरलं नाही म्हणून माह्या मांगं लागला.

तुमाले सांगतो, झालं असं. पेन्शनरायच्या मंडळात कोणीतरी एक टायवाला भाषणाले बोलावला होता. विषय काय, त सोशल मीडियावर आपली ओळख कशी बनवाची. ऐकाले बसलेले सगळे सत्तरीचे, त्यायले नवी ओळख बनवून कुठं जाचं होतं देव जाणे, पण काका घरी आला तो पेटूनच. मी जेवून राहिलो होतो. म्हणे, "केदार, आजकाल डिग्री कोणी पाहत नाही. उपस्थिती लागते बाबू, उपस्थिती. माणूस तिथं दिसला पाहिजे."

आता हाच काका बरं का. इंजिनिअर हो म्हणून मले अमरावतीले ढकलणारा हाच. तिथं चार विषयाले एक मास्तर, तोही तासिकेवरचा, महिन्यातून आठ दिवस येणार... तिसऱ्या वर्षी मी सोडून आलो, त तीन महिने माह्याशी न बोलणारा हाच. आन आता डिग्री कोणी पाहत नाही म्हणते! मंग माहे तीन वर्षं कोण पाहून राहिलं होतं?

पण मी गप बसलो. काहून? कारण नेमकी तवाच मले गरज होती. मी जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढाच्या मशीनचे पार्ट कॉम्प्युटरवर काढतो, ड्रॉइंग. क्लास लावून शिकलो. आधी अकोटच्या जिनिंगायचं काम भेटत होतं, पण कापूसच येईना, त नवी मशीन कोण लावते? म्हणून औरंगाबादच्या एका मशीनवाल्या कंपनीत अर्ज केला. तिथल्या अदिती मॅडमचा फोन आला. काम आवडलं म्हणे, जागा एकच आहे, तुमचं प्रोफाइल नीट बनवून ठेवा, सर सोमवारी पाहतील आन ठरवतील. एक जागा. सोमवार. माही खोली काकाच्या गच्चीवर, टिनाची. सोबतचे पोट्टे सगळे पुण्याले गेलेले. दिवसभरात मले हाक मारणारं माणूस एकच, काका, आन तोही टाकी भरली का इचाराले. ती जागा मले पाहिजे होती, बस.

शुक्रवारी फोटोले ओमप्रकाशकडे गेलो. स्टँडजवळ त्याचं फोटोचं आन फ्लेक्सचं दुकान. म्हटलं, प्रोफेशनल पाहिजे, मोठ्या सायबायचा असते तसा, काळा-पांढरा, गंभीर. ओमप्रकाश म्हणे, हसू नको. मी तसाही कुठं हसून राहिलो होतो. मंग त्यानं कॉम्प्युटरवर माह्या मांगं ढग लावले, कडेनं बारीक फुलं. म्हटलं हे फुलं कायले? तो म्हणे, "भाऊ, तयार डिझाइन दोनच आहेत. एक वाढदिवसाचं आन एक हे. वाढदिवसाच्यात डोक्यामांगं वाघ येते." आता तुमीच सांगा, नोकरी मांगाले वाघ घेऊन जाता येते का? मी ढग घेतले. ते डिझाइन त्यानं कशासाठी तयार ठेवलं होतं, मी इचारलं नाही. त्या सालात ते वाघापेक्षा किती ज्यादा खपून राहिलं होतं, त्यानंही सांगितलं नाही.

रविवारी दुपारी फेसबुकवर टाकलं. नाव, फोटो, खाली 'मशीन ड्रॉइंग, अकोला'. एक तास झाला, एक अंगठा. माहाच. काका म्हणे असं नसते, थांब, मी पाठवतो, उपस्थिती लागते बाबू. आन बसला. काका एका बोटानं टाइप करते, म्हणून शब्द कमी आन हात जोडल्याचे चित्रं ज्यादा. कोणाचा वाढदिवस असो, गॅसचा भाव वाढो, त्याचे हात जोडलेलेच. त्यानं माहा फोटो टाकला, वर लिहिलं 'आमचा केदार', आन पुढं हात जोडले. अकरा वेळा. आन सगळ्या पावण्यायले, सगळ्या जुन्या विद्यार्थ्यायले, माह्या कॉलेजच्या पोट्ट्यायले, सगळ्यायले त्यात जोडून टाकलं, आन मलेही, म्हणजे ते माह्या प्रोफाइलवरही दिसाले लागलं.

दहा मिनिटात पहिला आला. बार्शीटाकळीचे रामराव, काकाच्या शाळेतले जुने मास्तर. 'भावपूर्ण श्रद्धांजली.'

म्हटलं म्हातारा चुकला. मंग दुसरा. मंग लाइनच लागली, जशी काही रेशनवर साखर आली. चार वाजेलोक एकशे चाळीस! मी खाली पळत गेलो, त काका खुर्चीत, चष्मा कपाळावर, एकेकाले उत्तर देऊन राहिला. काय उत्तर? 'धन्यवाद.' वाचून नाही, हां. कोणी लिहिलं का लगेच उत्तर द्याचं असं त्या टायवाल्यानं सांगितलं होतं, म्हणून. मले पाहून म्हणे, "पाह्य, किती उपस्थिती आहे."

काकाच्या हातातून फोन ओढला, चष्मा खाली केला, वाचाले लावलं. पयले पांढरा पडला. मंग म्हणे, लोकं भावनेनं लिहून राहिले, आता कोणाकोणाले दुरुस्त करत बसतं? मी माह्या फोनवरून लिहिलं, 'मी जिवंत आहे.' ते गेलं खाली, एकशे साठाव्या नंबरवर. त्याच्याखाली काकाच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मलेच दटावलं. 'ही वेळ चेष्टेची नाही. त्याच्या आत्म्याला शांती मिळू द्या.'

मंग मी गच्चीवर गेलो आन सगळे वाचले. दोनशे चौदा. खोटं काहून बोलू, बरं वाटलं मले. कॉलेजातली एक पोरगी, तीन वर्षात जिनं मले कधी पेनही मांगितला नाही, तिनं लिहिलं, 'हसतमुख चेहरा हरपला.' एकानं लिहिलं, 'माझा जिवलग.' हा जिवलग पुण्याले गेला तवा मले नंबरही देऊन नाही गेला. पण वाचत गेलो. सगळ्यायले मी मनमिळाऊ वाटत होतो. आन फोन हातातच होता ना माह्या... त्या दोनशे चौदातल्या एकाचाही फोन नाही आला. मले सोडा, मी मेलो होतो. काकाले नाही, घरी नाही. आई-बाबा भातकुलीले, त्यायच्याजवळ साधा बटनाचा फोन, म्हणून त्यायले पत्ताच नाही, वाचले बिचारे. आन कसं झालं, हे कोणी इचारलं नाही. चोवीस वर्षाचा पोरगा, आजार नाही, अपघात नाही, काही नाही, आन कोणालेच नवल नाही वाटलं. वऱ्हाडातला होता, बेकार होता... सगळ्यायले वाटलं, माहीतच आहे कसं झालं असंन.

संध्याकाळी फोन वाजला. मोहसीन. त्या दोनशे चौदात हा नव्हता. अमरावतीले तीन वर्षं आमी एका खोलीत होतो, आता अकोटले अब्बाच्या दुकानात गाद्या भरते. मी उचलला, हॅलो म्हटलं. तो म्हणे, "उचलला कसा बे तू?"

"जिता आहो म्हणून उचलला."

"मी त तुही कॉलर ट्यून ऐकाले लावला होता. म्हटलं नंबर बंद व्हाच्या आत एकडाव ऐकून घ्याव."

म्हटलं, दोन वर्षं मी जिता होतो, तवा काहून नाही ऐकली? तो म्हणे, "तू लावला होता का मले?" मंग गिऱ्हाईक आलं म्हणे, आन ठेवला.

सोमवारी सकाळीच औरंगाबादले फोन केला. म्हटलं, केदार बोलून राहिलो. अदिती मॅडम एकदम हळू आवाजात, "आपण त्यांचे भाऊ का?" सगळं सांगितलं. ढग, फुलं, काका, अकरा हात. ऐकून घेतलं बाईनं. मंग म्हणे, "जागा आज सकाळीच दुसऱ्याला दिली हो. आणि सरांनी तर सगळ्या ऑफिसला दोन मिनिटं उभं केलं होतं... आता त्यांना काय सांगू मी?" म्हटलं, नका सांगू, बसू द्या त्यायले.

मंगळवारी मी नवा फोटो टाकला. रंगीत, हसरा, गच्चीवरचा. खाली लिहिलं, मी केदार, मी आहो, ड्रॉइंगचं काम असंन त सांगा. आठ दिवस झाले. तीन अंगठे आहेत. एक माहा, एक काकाचा, एक ओमप्रकाशचा. त्या दोनशे चौदातले कोणी फिरकले नाही, त्यायचं माह्यापुरतं काम झालं होतं. आन काका जिन्यावरून अजूनही म्हणते, उपस्थिती लागते बाबू.

तर ती नोकरी गेली. आन आपण मेलो तर कोणीतरी धावत येईन, असा माणसाले एक भरोसा असते, तो गेला.