पहिलवानाचं कारड

नाही नाही, रुपावैनी, उठू नका — बसा त्या तरटावर, इथं कोनी येत नाही, पडदा सोडला मी. तांड्यावरून उन्हात चालत आल्या, पानी तरी घ्या — नको? बरं, नको तं नको. मी काय सांगून राह्यलो होतो — हां, पंच. तं उरसाच्या पंचाईनं मले सकाळीच बजावलं, म्हने, जगदेव, मदनसिंग पहिलवानाच्या फोटोचे कारडं यंदाच्या उरसात इकाचे असन तं त्याच्या बायकोच्या तोंडून हो आलं पायजे, मेल्या मानसाचा धंदा आमी दर्ग्यासमोर होऊ देनार नाही. धंदा म्हनते याले. आता तुमीच सांगा, बाकीच्या पहिलवानांचे फोटो इथं धूळ खात पडले हायेत, लोकं मागतेत तं तुमच्या धन्याचाच — मी काय कोनाच्या गळ्यात बांधतो का? रिठदच्या तालमीत भिंतीले लावलं हे कारड, गडी जोर काढाच्या आंधी त्याच्या पाया पडतेत. देवावानी ठेवलं त्यायनं. देवाचे फोटो इकनाऱ्याले कोनी पापी म्हनते का? — नाही म्हनत. मंग मलेच काहून?

खरं सांगू, वैनी? मले तुमचा हो कारडासाठी नाही पायजे. कारडं गेले खड्ड्यात. ते खुर्ची पाहा — मांगच्या उरसापासून, चोपन सालापासून, तिच्यावर कोनी बसलं नाही. पह्यले लग्नाचे जोडपे येत, बारशाचे लेकरं येत, म्हातारे येत डोळे मिटाच्या आंधी एक फोटो पायजे म्हनून — सारे बंद. मदनसिंगचा फोटो घेतेत, सोताचा काढू देत नाही. म्हनते, जगदेवच्या फोटोच्या डब्ब्यानं पहिलवानाले खाल्लं. माही घरवाली गोजरा विहिरीवर गेली की बाया आपापल्या बादल्या बाजूले घेतेत. घरी येऊन नुसती चुलीपुढं बसते. तुमी उद्या पंचाईसमोर एकडाव मान डोलावली ना — बस, तेवढंच — तं हे तोंडं बंद होतीन. त्याच्या बायकोलेच काही वाटत नाही म्हनल्यावर दुसऱ्याले काय वाटाचं? पाया पडतो, वैनी. मोठा मानूस हाये मी तुमच्याहून, पन पडतो.

काय पाहून राह्यल्या एवढं? — चांगला आला ना फोटो? छाती पाहा कशी. कुस्तीच्या आंधीचा हाये तो, सकाळचा, हसत हसत आलता, मी तं साऱ्याले सांगतलं — बोट कायले ठेवलं तथी? फेट्यावर? हो, फेटा त्याचाच. दुसऱ्याचा कायले असन, त्याचाच —

हां.

इनामाचा हाये तो. कुस्ती मारल्यावर पंच बांधतेत, त्याच्या आंधी कोनी डोक्याले लावत नाही. एवढ्या लोकाईनं हे कारड पाह्यलं, पंचाईनं पाह्यलं, ज्यानं सोताच्या हातानं बांधला त्यानं पाह्यलं, कोनाच्या ध्यानात आलं नाही. तुमी आत्ता हातात घेतलं न तुमच्या आलं.

आयका मंग. कुस्ती मारली त्यानं, पन पह्यल्या डावात मानेवर पडलता — लोकं वरडून राह्यले होते, कोनाले दिसलं नाही, मले दिसलं. इथं आला न म्हने, जगदेवभाऊ, मान बधिर लागून राह्यली, मले दवाखान्यात न्या. दवाखाना कुठं — हे काय, कचेरीमांगं, डागदर चार वाजेलोक बसे. मी म्हनलं, एक फोटो होऊ दे. ढग आलते, उजीड चालला होता, डोक्याले फेटा, खांद्यावर गदा — असा मौका पुन्हा येत नाही ना, वैनी. उभा राह्यला बिचारा. फोटोची पह्यली काच वाया गेली, त्याची मान कलली. मंग मी — माह्या उस्तादाचा जुना लोखंडी टेकू हाये, मानूस हलू नये म्हनून मांगून लावाचा — तो लावला मानेले, पेच आवळला, म्हनलं, हलू नको. नाही हलला. लय गुनाचा मानूस. दुसरी घेतली, न ते बी बिघडली तं म्हनून तिसरी घेतली. डागदर गेलता तवापर्यंत. गाडी जुपली, वाशिमच्या वाटेले लागलो, अर्ध्यात संपलं. मी मारलं का? — नाही. मान आंधीच मोडली होती. मोडलीच असन. डागदरानं कुठं पाह्यली? मीच म्हनतो, मोडली होती. रोज म्हनतो.

काय बोलला शेवटी? — नका इचारू. — बरं. म्हने, भाऊ, एक कारड माह्या घरी दे, तिले दाखवाले. तिले म्हंजे तुमाले. नाही देलं मी. साऱ्या मुलखात इकलं, तांड्यावर एक नाही धाडलं. भ्या वाटे. तुमी पाहान न तुमाले फेटा दिसन.

घ्या, आता घ्या हे, तुमचंच हाये. शिव्या द्या, दगड घाला टाळक्यात, पन अशा उगीमुगी उठू नका. उद्या पंचाईले हो नका म्हनू, नका म्हनू — पन हे सांगू नका तथी, माह्यासाठी नाही, गोजरासाठी — कारड उपडं कायले ठेवलं, वैनी? घेऊन तं जा. वैनी —

कोन ते? पडदा कोनं उचलला? — कारंज्याचे का तुमी? उरसाले आले? — कोनाचं कारड? — कोन मदनसिंग? मी नाही वळखत. असा मानूस इथं कधी उभा राह्यलाच नाही. जा बाप्पा, दुकान बंद हाये.