बिनचष्म्याचा पिक्चर

शहाडला डोळ्यांच्या दवाखान्यात कल्पिता नंबरची वाट बघत बसलेली. शेजारचे धाकू भोईर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घाबरून घरी निघालेले आणि त्यांच्या बायकोनं, मालनआजींनी, त्यांचा हात घट्ट धरलेला. कल्पितानं कानातला हेडफोन काढला.

"बसा हो. लग्नानंतर पहिला पिक्चर कुठला बघितलेला आपण?" आजी त्यांना विचारत होत्या.

"घोड्यांचा. इंग्रजी. खजिना शोधायचे त्यात."

"त्यातला हीरो डोळे बारीक करून बघायचा. तुम्हीपण तसेच बघत होतात. म्हटलं, काय ऐटबाज नवरा मिळालाय!"

"ऐट कसली! मला दिसतच नव्हतं. चष्मा मुद्दाम घरी ठेवलेला."

"का?"

"तुला आवडला नसता तर?"

"मला इंग्रजी कळत नाही म्हणून घरी येऊन सगळी स्टोरी सांगितलीत, ती?"

"मनाचीच."

"अरे देवा! नातवंडांनासुद्धा मी तीच सांगत आले! आता ऑपरेशन करा, मोबाइलवर परत बघू."

"तो हीरो अजून आवडतो तुला?"

"छे! मला त्याचा बडबड्या दोस्त आवडायचा. काय हसायचा!"

"हे आज सांगतेस?"

"मी त्याला बघेन, तुम्ही खजिना बघा."

तेवढ्यात नर्सनं धाकू भोईरांना हाक मारली.

"आलो! त्या बडबड्याचं तोंड मला एकदा नीट बघायचंय," म्हणत आजोबा तरातरा आत गेले.