हासिबाची गाय

आदरणीय अध्यक्ष, डीनसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या प्राध्यापक नाफियाबाई, आणि कॉफी निवत असूनही बसून राहिलेल्या सज्जनहो,

सत्त्याऐंशी साली मी इथं सारायेव्होत आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला आलो, तेव्हा वाटलं होतं, आता टाय लावायचा आणि थेट जिनिव्हा गाठायचं. बाईंकडे परीक्षा म्हणजे युद्धबंदीचा मसुदा लिहायचा. तो वाचून झाला की बाई डोक्याला रुमाल बांधायच्या आणि गावाकडच्या आपल्या सख्ख्या बहिणीच्या आवाजात विचारायच्या, "काय हो साहेब, मी लिपोव दो गावची हासिबा. उद्या सकाळी गाय कुठल्या वाटेनं नेऊ?" वर्ग खो खो हसायचा. मसुद्यात उत्तर नसलं, की नापास!

माझ्या मसुद्यात नव्हतं. सैन्य टेकडीवरून कधी उतरणार, ते मी लिहिलं. खालची वाट कोण राखणार, ते राहिलं. मी रडलो. शिष्यवृत्ती जाईल म्हणालो. बाईंनी गुणपुस्तिकेत पाचाचे सहा केले. "बरं, घे. पण एनेस, तिला पुन्हा विसरू नकोस रे." सहा म्हणजे पास, हे या सभागृहाला काय सांगायचं?

पुढं खरं युद्ध आलं. लिपोव दोच्या युद्धबंदीच्या वाटाघाटींत मी लेखनिक होतो. आमचे साहेब म्हणाले, "आटप लवकर, लोक सहीला खोळंबलेत." मी लिहिलं. टेकडी, तारीख, वेळ. सह्या झाल्या. सैन्य टेकडीवरून उतरलं आणि खालच्या वाटेवर येऊन बसलं. हासिबाताईंनी रेडिओवर युद्धबंदी ऐकली होती. सकाळी त्या गाय घेऊन निघाल्या.

गाय तेवढी परत आली.

त्यानंतर बाईंनी वर्गात रुमाल बांधला नाही. पोरांना वाटलं, बाई थकल्या. बाई, तो कागद कोणी लिहिला, हे तुम्ही कुणालाच विचारलं नाहीत. उलट दर ईदला माझ्या घरी बकलावा पाठवलात. मी तो खाल्ला. अकरा वर्षं खाल्ला. मीच लिहिला होता, बाई.

संयोजकांनी मला विभागाचं भूषण म्हणून बोलायला उभं केलं, त्यांचा मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहानं पोटात घालावं. बाईंकडे मात्र मी माफी मागत नाही. माझी जुनी गुणपुस्तिका आणलीय, पेनही आणलंय.

ते सहा खोडा, बाई.