दैवशालाची झोप

न्हाई न्हाई डॉक्टरसाहेब, तिला कशाला आत बोलावता, मी सांगतो ना सगळं बराबर — आठ वर्षं संसार करून राह्यलो, तिचं तिच्यापेक्षा मलाच जास्त म्हाईत. दैवशाला नाव. बायको माझी. झोप येत न्हाई म्हणे! राणीसरकारला कमी काय? बदनापुरात पक्कं घर, कूलर, गादी जालन्याहून आणलेली — आणि नवरा असा, की शाळेत पोरं सर-सर करत मागं फिरतात. तरी रात्रभर टकटका छताकडं बघती. मी नुसती कूस बदलली की दचकती! वाघ झोपलाय का शेजारी?

मी काय करतो? काहीच न्हाई. समजावतो. दिवसा शाळा असती, मंग समजवायचं रात्रीच ना? भाजी वाढताना तोंड वाकडं का केलं, भावकीतल्या भुजंगच्या लग्नात एवढं हसायला काय झाल्तं — एवढंच विचारतो. तिचा डोळा लागला तर लाईट लावून पुन्हा विचारतो. माणसानं मनात ठेवून निजू नये, काय? बोलून झालं की मला तर पडल्या पडल्या झोप लागती. ती बसती रडत. पण हात न्हाई लावला कधी — लिहून घ्या, बिलकुल न्हाई.

आता गंमत ऐका. धोंड्याच्या महिन्यात अंबडला सासरवाडीला गेल्तो. जोडीनं ओवाळायचं असतं ना — मी पाटावर टोपी घालून तयार, आणि शेजारचा पाट रिकामा! बाईसाहेब माजघरात आईच्या मांडीवर घोरून राह्यल्या. आमच्या सासूबाई मालनबाई म्हणतात — ‘जावईबापू, निजू द्या हो लेकराला.’ अख्ख्या भावकीसमोर मी एकट्यानं ओवाळून घेतलं! चार दिवस नुसती कुंभकर्ण. मला तर भानामतीचाच वहिम आला. घरी आणली की पुन्हा छताकडं. बरं, घर बाधतं म्हणावं, तर घरात दुसरं हाय कोण? मीच ना!

काय? मी ट्रेनिंगला बाहेरगावी असतो तवा? तवा... झोपती. शेजारीण म्हणती, दार वाजवलं तरी उठंना. पण त्याचा इथं काय संबंध?

महिनाभर माहेरी ठेवू? वा! औषधाच्या चिठ्ठीवर आता सासू लिहून देता का? गोळी द्या, गोळी. तिलाच विचारायचंय? विचारा की! ही काय बाहेर बाकावर — बघा, बसल्या बसल्या डुलकी! उठवू नको म्हणता? ओ साहेब, हात सोडा माझा, बायको हाय माझी. दैवशाला! ए, ऊठ. साहेबांना सांग, माझा काही त्रास हाय का तुला?

हां. ऐकलं? ‘न्हाई’ म्हणली. झोपेतून उठल्या उठल्या माणूस खोटं बोलत न्हाई, साहेब.

चल गं. घरी गेल्यावर बोलू.