न आवळणारा फास

आमची केतकी आठवीत, शाळेच्या गाईड पथकात. घरी कुणी आलं की ही हात मिळवायला डावा पुढं करायची. मी वैतागायचो, "अगं, डावा हात देतात का कुणाला?"

"गाईडमध्ये डावाच देतात, बाबा!"

तर ऐका. परवा केतकीला घेऊन कुंभारीला मित्राच्या शेतावर गेलो होतो. तिथं शेरडं राखणारे बिरप्पाआजोबा पाय घसरून विहिरीत पडले. पाणी कमरेएवढंच, पण मनगट मोडलेलं. दोर सोडला, तर त्यांना धरवेना. आम्ही सात-आठ बाप्ये काठावर नुसते ओरडतोय. केतकीनं दोर वर घेतला, टोकाला गाठ मारून मोठा फास केला आणि खाली सोडला.

"आजोबा, डोक्यातून घालून काखेत घ्या!"

"फास हाय न्हवं? आवळंल की गं!"

"हा नाही आवळत, गाईडमध्ये शिकलेय. घाला तुम्ही!"

आम्ही ओढलं. आजोबा वर आले, फास होता तेवढाच. त्यांनी धडक्या हातानं तो ताणून बघितला. "लई दोर वळलं पोरी, पर असला फास न्हाय बघितला."

मी केतकीपुढं नुसता हात केला. डावा.